सहा तारांवरची घोडदौड

इलेक्ट्रिक गिटारवर विजेच्या वेगाने सूर छेडण्याचे वेड बंगळूरच्या तरुणांना आजचे नाही. हा वेग हातात येतो कसा, तो कमावताना हाताची काळजी कशी घ्यायची आणि घरातल्यांनी कुठे लक्ष ठेवायचे?

३० ऑक्टोबर २०११. बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिका या अमेरिकन बँडचा कार्यक्रम होता, भारतातला त्यांचा पहिलाच. त्याआधी १७ मार्च २००७ रोजी याच मैदानावर आयर्न मेडन येऊन गेले होते. काळे टी-शर्ट घातलेली, हात उंचावून ओरडणारी ती गर्दी पाहून एखाद्या मराठी गृहिणीला वाटेल, यात संगीत ते कुठे? पण त्या गर्दीतल्या बऱ्याच जणांचे डोळे गायकाच्या चेहऱ्यावर नव्हतेच. ते त्याच्या उजव्या मनगटावर खिळलेले होते.

मेटॅलिकाचा गायक जेम्स हेटफिल्ड स्वतः गिटार वाजवतो. १९८६ सालच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या गाण्यात तो तारेवर सेकंदाला जवळजवळ सात आघात करतो, आणि ते बहुतेक सगळे वरून खाली. खालून वर येताना हात तार न छेडताच परततो. गाणे आठ मिनिटांहून मोठे आहे. घरी येऊन ज्याने हे करून पाहिले त्याचा हात दुसऱ्याच मिनिटाला दगडासारखा जड होतो. मग सुरू होतो खरा शोध. हे लोक करतात तरी कसे?

बंगळूरमध्ये हा प्रश्न इतक्या मुलांना का पडावा, यालाही इतिहास आहे. १८०९ साली इंग्रजांनी इथे छावणी वसवली. तिच्याबरोबर बँड आले, चर्चमधले गाणे आले, क्लबातले नाच आले. पुढे मिशनऱ्यांची शाळा-कॉलेजे, त्यांतली स्नेहसंमेलने आणि ब्रिगेड रोडच्या आसपासचे पब यांनी ती हवा टिकवून धरली. १९९६ मध्ये इथल्या कॉलेजच्या मुलांनी ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हा बँड काढला. त्यातला गिटारवादक-गायक ब्रूस ली मणी आणि त्याच्या साथीदारांनी पुढे ‘टाकॅडमी’ नावाची संगीतशाळाच उघडली. १९९८ मध्ये सुरू झालेला ‘क्रिप्टॉस’ २०१३ साली जर्मनीतल्या वाकनच्या प्रसिद्ध महोत्सवात वाजवून आला. तिकडे गांधीनगरात महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव, इकडे नातवाच्या खोलीत भिंतीवर गिटार, असे चित्र शहाजीराजांच्या या जुन्या जहागिरीत आता कुणाला नवलाचे वाटत नाही.

दा आणि रा

ज्यांच्या घरात कधी सतार वाजली आहे त्यांना हे तंत्र समजायला वेळ लागणार नाही. सतारियाच्या तर्जनीवर तारेची नखी असते. एक आघात आतल्या बाजूला, दुसरा बाहेरच्या बाजूला. बोल ‘दा’ आणि ‘रा’. हे दोन्ही सारख्या ताकदीचे, सारख्या अंतराचे होईपर्यंत गुरू पुढचा पलटा देत नाहीत. सरोदवाल्याच्या हातात नारळाच्या करवंटीचा जवा असतो, तत्त्व तेच. इलेक्ट्रिक गिटारवाल्याच्या हातात अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये धरलेला प्लॅस्टिकचा छोटा तिकोनी तुकडा असतो. त्याला पिक म्हणतात. एकदा खाली, एकदा वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला कारागीर हे पाहून म्हणेल, यात नवीन काय?

नवीन आहे ती वीज. या गिटारीच्या तारांखाली लोहचुंबकावर गुंडाळलेल्या बारीक तारेची वेटोळी बसवलेली असतात. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह उमटतो आणि अॅम्प्लिफायर तो हजारो पटींनी वाढवतो. त्यामुळे तारेला जोरात मारण्याची गरजच उरत नाही. सर्वांत पातळ तार जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची असते. तिला पिकच्या टोकाने नुसता स्पर्श केला तरी सूर उमटतो. वेगाचे पहिले रहस्य हेच आहे. नवशिका मात्र उलटे करतो. वेग हवा म्हणून जोर लावतो, जोर लावला की मूठ आवळते, मूठ आवळली की मनगट अडकते आणि मग बिचारा कोपरापासून सगळा हात हलवत बसतो.

आता थोडे गणित. मेट्रोनोम, म्हणजे ठोके मोजणारे यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावले आणि प्रत्येक ठोक्यात चार सूर वाजवले तर सेकंदाला चार सूर होतात. हे आठवडाभरात कुणालाही जमते. १२० ठोक्यांवर आठ सूर. इथे बऱ्याच जणांची गाडी अडते. १६० वर सेकंदाला जवळपास अकरा सूर पडतात आणि ऐकणाऱ्याला वेगवेगळे सूर न ऐकू येता एक सरकती रेघ ऐकू येते. १९८४ मध्ये ‘रायझिंग फोर्स’ या तबकडीने गाजलेल्या यंग्वी माल्मस्टीन या स्वीडिश वादकाने हा वेग फॅशनमध्ये आणला. त्याचे दैवत होते एकोणिसाव्या शतकातला व्हायोलिनवादक पागानिनी. म्हणजे इथेही पूर्वजांचे ऋण आहेच.

घोडे अडते कुठे?

एकाच तारेवर पिक भराभर वरखाली करणे हे अवघड वाटते, पण ते काम अर्धेच. घोडे अडते ते एका तारेवरून दुसरीवर जाताना.

डोळ्यांसमोर आणा: दोन तारा शेजारी शेजारी ताणलेल्या आहेत. पिकचे टोक त्यांच्या मधल्या फटीत आहे. आता पुढचा सूर पलीकडच्या तारेवर आहे. टोक सरळ वरखाली फिरत असेल तर ते या फटीतच कोंडले जाते आणि बाहेर पडायला त्याला मधली तार ओलांडावी लागते. या उडीत क्षणाचा उशीर होतो आणि सगळी लय लंगडते. कसलेले वादक पिक किंचित कललेले धरतात. एका बाजूला कलले तर वरचा आघात करताना टोक आपोआप तारांच्या वर निघते. दुसऱ्या बाजूला कलले तर खालचा आघात करताना. मग पुढच्या तारेवर जायला उडी मारावीच लागत नाही, वाट आधीच मोकळी असते. काही जण तर जाता जाता तीच दिशा ठेवून झाडू फिरवल्यासारखे एका तारेवरून दुसरीवर घसरतात.

गंमत अशी की हे कित्येक नामांकित वादकांना स्वतःलाच ठाऊक नव्हते! ट्रॉय ग्रेडी नावाच्या अमेरिकन गिटारवादकाने वाद्यावरच कॅमेरा बसवून अनेकांच्या हातांचे चित्रण केले आणि ते सावकाश चालवून पाहिले. वादक तोंडाने सांगत एक आणि हात करत भलतेच. आपल्याकडे सुगरणीला मिठाचे प्रमाण विचारले तर ती म्हणते, ‘अंदाजानं घालते’, त्यातलाच हा प्रकार.

म्हणूनच ‘सावकाश वाजव, वेग आपोआप येईल’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला अर्धाच खरा आहे. सावकाश वाजवताना हाताला चैनीने मोठमोठे झोके घ्यायला वेळ असतो. तीच सवय लागली तर वेग वाढवताना ती सगळी मोडावी लागते. सावकाश वाजवतानाही हालचाल वेगातल्यासारखीच, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी हवी. शिवाय मधूनमधून चार-सहा सुरांचा एखादा तुकडा, चुकला तरी हरकत नाही, झपकन् पूर्ण वेगात वाजवून पाहायला हवा. त्याशिवाय वेगात हात कसा वागतो हे हातालाच कळत नाही. मेट्रोनोमचा आकडा रोज दोन-दोनने वाढवत नेणारी मुले एका टप्प्यावर महिनोन्‌महिने ठप्प होतात, त्याचे कारण बहुधा हेच.

मल्लेश्वरमचा धडा

हा धडा बंगळूरकरांना शोधायला लांब जावे लागत नाही. मल्लेश्वरम किंवा बसवनगुडीच्या कुठल्याही गल्लीत संध्याकाळी कान दिला तर लहान मुली ‘सरळी वरिसे’ गाताना ऐकू येतात. कर्नाटक संगीताचे हे प्राथमिक धडे घालून देण्याचे श्रेय पुरंदरदासांना दिले जाते. त्यांच्या जन्मस्थानाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण एक जुनी परंपरा त्यांचे नाते आपल्या पुरंदरगडाशी जोडते. हे धडे तीन काळांत म्हणायचे असतात. हाताने ताल तोच, आवाजाने आधी एकपट, मग दुप्पट, मग चौपट. ताल धरणारा हात जराही घाई करत नाही, वाढतात ते फक्त मधले सूर. गिटारच्या वर्गात पायाने ठोका धरायला शिकवतात तो नेमका याचसाठी.

तोंडाने ‘तकधिमि तकजुणु’ म्हणत लय पक्की करण्याची कोन्नक्कोल ही दाक्षिणात्य कला तर गिटारवाल्यांनी उघडपणे उचलली आहे. बंगळूरचे मृदंगवादक टी. ए. एस. मणी यांनी १९६४ मध्ये कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन ही संस्था स्थापन केली. तिच्या कलाकारांनी परदेशी जाझ वादकांबरोबर कार्यक्रम केले, तबकड्या काढल्या. जे तोंडाने स्वच्छ म्हणता येत नाही ते हाताने स्वच्छ वाजणार नाही, हे तालवाद्यांच्या जगात गृहीतच धरलेले असते.

या बाबतीत मँडोलिन श्रीनिवास यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६९ साली आंध्रातल्या पालकोल्लु गावी जन्मलेल्या या मुलाने सहाव्या वर्षी वडिलांचे मँडोलिन हातात घेतले. रुद्रराजू सुब्बराजू हे त्यांचे गुरू. सुब्बराजूंना स्वतःला मँडोलिन येत नव्हते. ते गाऊन दाखवत आणि मुलगा ते तारांवर शोधून काढी. बोटे कुठे ठेवायची, पिक कसे धरायचे, कुणी काही सांगितले नाही. पाश्चात्त्य मँडोलिनवर तारांच्या जोड्या असतात. श्रीनिवास यांनी एकेरी तारा लावल्या, त्यांत पाचवी भरीस घातली आणि विजेची जोड दिली, त्यामुळे मींड-गमक निघू लागले. १९८३ मध्ये, वयाची पंधरा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, बर्लिनच्या जाझ महोत्सवात त्यांनी श्रोत्यांना थक्क केले. छोट्याशा पिकने एवढ्या वेगात एवढे स्वच्छ सूर काढणारे वादक जगात फार थोडे झाले. २०१४ साली अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

हाताचे दुखणे

इथवरचे सगळे हौसेचे झाले. पण ज्या घरात कुणी हा छंद गंभीरपणे करते आहे त्या घराने पुढचे जरा नीट वाचावे.

गिटार शिकताना डाव्या हाताच्या बोटांची टोके दुखतात. ती दुखणारच. तीन-चार आठवड्यांत तिथली कातडी घट्ट होते, घट्टे पडतात आणि दुखणे थांबते. पण उजव्या मनगटात, कोपराच्या बाहेरच्या बाजूला किंवा अंगठ्याच्या मुळाशी होणारे दुखणे वेगळे आहे. त्याची ‘सवय’ होत नाही. एकच बारीक हालचाल हजारो वेळा, तीही आवळलेल्या स्नायूंनी केली की स्नायूबंधांना सूज येते. अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना मुंग्या येऊ लागल्या तर मनगटातली नस दाबली जात असू शकते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर कोपरातली. ‘दुखतंय तरी वाजवतोच’ हा जिद्दीचा नव्हे, अडाणीपणाचा प्रकार झाला. दुखताक्षणी थांबावे आणि चार-आठ दिवसांच्या विश्रांतीनेही फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

बंगळूरमध्ये ही गोष्ट दुहेरी आहे. ज्या मनगटाने रात्री दहानंतर गिटार वाजवायची, तेच मनगट सकाळी दहापासून संगणकाच्या माऊसवर टेकलेले असते. दिवसभर आठ-नऊ तास की-बोर्ड, येताना सिल्क बोर्डच्या चौकात स्कूटरचा ब्रेक दाबत तासभर आणि मग दीड तास सराव! पुण्याहून, नागपूरहून नोकरीसाठी आलेली, एकटी राहणारी मुले तर जेवणाच्या वेळाही सांभाळत नाहीत, मनगट कोण सांभाळणार? त्यांच्या आयांनी फोनवर ‘जेवलास का?’ याबरोबरच ‘हात दुखतो का?’ असेही विचारायला हरकत नाही.

संगीताच्या इतिहासात याची मोठी किंमत मोजलेली माणसे आहेत. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमन याला थोर पियानोवादक व्हायचे होते. १८३०च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताचे बोट निकामी होत गेले. बोट बळकट करायला त्याने वापरलेले यांत्रिक साधन याला कारणीभूत होते की आणखी काही, यावर अजून वाद आहे. पण पियानोवादनाची वाट बंद झाली ती झालीच. वादकांना होणारा आणखी एक विकार आहे, त्यात दुखत काहीच नाही, फक्त सरावाचे बोट अचानक ऐकेनासे होते, भलतीकडे वळते. व्यावसायिक वादकांत सुमारे शंभरात एकाला हा त्रास होतो असा अंदाज दिला जातो. दोष बोटात नसून मेंदूकडून त्याला जाणाऱ्या आज्ञेत असतो. अशा वेळी अधिक सराव करणे म्हणजे आगीत तेल.

उपाय फारसे अवघड नाहीत. थंड हाताने एकदम वेगात सुरुवात करू नये, पाच-दहा मिनिटे संथ वाजवून हात गरम करावा. वीस-पंचवीस मिनिटांनी उठावे, हात खाली सोडून झटकावेत, पाणी प्यावे. पिक जरा जाड, एक मिलिमीटरच्या वरचे घ्यावे. पातळ पिक वाकते आणि परत यायला वेळ घेते. गिटारचा पट्टा असा बांधावा की बसून आणि उभे राहून वाद्य एकाच उंचीवर येईल. गुडघ्यापर्यंत लोंबणारी गिटार पोस्टरवर ऐटबाज दिसते खरी, पण तिने मनगट काटकोनात वाकते. श्वास रोखून वाजवण्याची खोड तर जवळजवळ प्रत्येकाला असते. घरातल्या कुणीही दारातून पाहून हे सांगू शकेल, त्याला संगीत यावे लागत नाही. खांदे कानाला लागले असतील तर हात आवळलेला आहे.

घर, शेजारी आणि परीक्षा

आवाजाची तक्रार करणाऱ्या घरांना एक गोष्ट बहुधा माहीत नसते. इलेक्ट्रिक गिटार विजेला जोडली नाही तर ती साध्या गिटारपेक्षाही हळू वाजते, कारण तिचे अंग भरीव लाकडाचे असते. शेजारच्या खोलीत आजी झोपल्या असतील तर त्यांची झोपमोड व्हायची नाही. वेगाचा निम्मा सराव असा करता येतो आणि तो चांगलाही असतो. अॅम्प्लिफायरवरचा तो करकरीत, फाटलेला आवाज चुका झाकून टाकतो. मात्र मैफलीत वाजवायचे तर त्याच आवाजात, न वाजणाऱ्या तारा तळहाताच्या कडेने दाबून गप्प ठेवायलाही शिकावे लागते. म्हणजे दोन्ही हवे.

हेडफोन लावून वाजवणाऱ्यांच्या कानांची काळजी वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलवर आणावी. त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्म्याने घटतो. कान एकदा गेला की परत येत नाही.

उरला तो आईवडिलांचा नेहमीचा प्रश्न, ‘हे करून पुढे काय?’ लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आणि रॉकस्कूलच्या श्रेणी-परीक्षा भारतात घेतल्या जातात, पहिल्यापासून आठव्या श्रेणीपर्यंत. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका-विशारदची सवय असलेल्या मराठी घराला परीक्षा म्हटली की धीर येतो. प्रमाणपत्र भिंतीवर लावता येते! पण खरे सांगायचे तर नुसत्या वेगावर पोट भरणारे वादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शिकवण्या, ध्वनिमुद्रणे, जाहिरातींचे संगीत, लग्नसमारंभांतले कार्यक्रम अशी अनेक कामे जोडून गिटारवाले जगतात, आणि त्या कामांत सेकंदाला अकरा सूर कुणी मागत नाही. तिथे लागतो ताल, वाचन आणि वेळेवर हजर राहण्याची सवय.

तरीही मुले वेगामागे धावतात. त्यांना सांगण्यासारखे नाव आहे जॉन मॅकलाफ्लिन यांचे. या इंग्रज गिटारवादकाने सत्तरच्या दशकात विजेच्या गिटारवर झंझावाती वेग दाखवून जग गाजवले आणि त्याच सुमारास अमेरिकेत डॉ. एस. रामनाथन यांच्यापुढे बसून वीणा शिकायला सुरुवात केली. झाकीर हुसेन, एल. शंकर आणि घटमवादक विनायकराम यांच्यासह त्यांनी काढलेल्या ‘शक्ती’ची पहिली तबकडी ५ जुलै १९७५च्या मैफलीची आहे. पुढच्या काळात ‘रिमेंबर शक्ती’त त्यांच्या शेजारी बसत ते मँडोलिन श्रीनिवास. विनायकरामांचे चिरंजीव सेल्वगणेश यांच्याबरोबर त्यांनी कोन्नक्कोलचे धडे देणारी चित्रफीतही काढली.

याच मॅकलाफ्लिन यांना पुढे हातांच्या संधिवाताने गाठले. २०१७ मध्ये त्यांनी अमेरिकेतला निरोपाचा दौरा जाहीर केला तेव्हा हे हात आता किती दिवस साथ देतील, याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. सुदैवाने त्रास कमी झाला. जानेवारी २०२३ मध्ये ‘शक्ती’ पन्नास वर्षांच्या वाटचालीनिमित्त भारतात आली आणि बंगळूरलाही वाजवून गेली. झाकीरभाई होते, शंकर महादेवन होते, सेल्वगणेश होते, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन होते. श्रीनिवास यांची जागा रिकामी होती. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाईही गेले. बंगळूरच्या त्या मैफलीत मॅकलाफ्लिन नुकतेच ८१ वर्षांचे झाले होते, आणि गिटार तेच वाजवत होते.